पावण्याचं गाव

पूर्णिमा डॉक्टरांनी हातमोजे चढवले, आणि तरीही म्हशीच्या तोंडाला हात लावला नाही. गोठ्याच्या दारातूनच त्या बघत राहिल्या. चंद्रीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. मान ताणून ती हंबरायला बघत होती, पण आवाज घशात घासूनच बाहेर पडत होता. समोरच्या घमेल्यात तिनं तोंड बुडवलं, गालफडं हलवली, आणि सगळं पाणी तसंच खाली सांडलं.

"उसाचं कांडं अडकलंय बगा घशात," विश्वजित म्हणाला. "परवापासनं एक घास आत जाईना."

"काही अडकलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हिला मागं कधी कुत्रं चावलं होतं का?"

विश्वजितनं आईकडं बघितलं आणि आईनं, म्हणजे चिमणाबाईनं, गोठ्याच्या पत्र्याकडं. महिन्यामागं एक भटकं कुत्रं पहाटेचं गोठ्यात शिरलं होतं. चंद्रीच्या मागच्या पायावर ओरखडा दिसला होता, तो कुंपणाच्या तारेचा म्हणून दोघांनी सोडून दिला होता. कसबा बावड्यात तारेची कुंपणं आणि भटकी कुत्री गल्लोगल्ली. म्हशीच्या पायावरचा ओरखडा कोण मनाला लावून घेतो!

"आलतं एक कुत्रं," विश्वजित हळूच म्हणाला.

"मग ही पिसाळलीय. रेबीज आहे हा." डॉक्टरांनी हातमोजे काढले नाहीत. "आता नीट ऐका. हिच्या तोंडात हात कुणी कुणी घातला?"

म्हशीवाल्या गल्लीत हा प्रश्न विचारायचा म्हणजे कमालच म्हणायची. जनावराला गिळता येईना झालं की इथला माणूस आधी बाही वर सारतो आणि मग विचार करतो. घशात हात घालायचा, अडकलेलं काढायचं, हात म्हशीच्याच पाठीला पुसायचा आणि चहा प्यायचा, अशी रीत. विश्वजितनं नळीनं काढा पाजला होता. शेजारच्या उदयसिंहानं गोडंतेल ओतताना मनगटापर्यंत हात आत घातला होता. दोघांनी तसं सांगितलं आणि मग दोघंही आपापल्या हातांकडं बघायला लागले.

"साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे, भरपूर वेळ. आणि आत्ता, लगेच इंजेक्शनला जायचं. उद्या बघू, परवा बघू चालणार नाही. आधी टोचून घेतलं तर माणूस वाचतो. एकदा लक्षणं दिसली की मग कुठल्याच डॉक्टरच्या हातात काही राहत नाही." डॉक्टर थांबल्या. "आणखी कोण?"

"एक पावणा हाय," विश्वजित म्हणाला. "काल मी कारखान्यावर ड्यूटीला गेलतो तवा येऊन गेला. आईनं सांगितलं. रस्त्यानं चाललेला, म्हशीचा आवाज ऐकून गाडी लावली, हात घालून बगितलं आणि गेला."

"नाव काय त्याचं?"

"नाव कोण इचारतंय वो पावण्याला!" उदयसिंह म्हणाला.

खरंच, कोण विचारतं? दारात आलेल्या अनोळखी माणसाला इकडं पावणं म्हणायचं, पाण्याचा तांब्या पुढं करायचा आणि 'कुठलं गाव?' एवढंच विचारायचं. गाव कळलं की झालं. त्या गावात आपली कुणाची तरी आत्या, कुणाचा तरी साडू निघतोच. नाव विचारलं तर पोलीस पंचनामा करायला बसल्यासारखं दिसतं.

"मग गाव?" डॉक्टर चिमणाबाईकडं वळल्या. "आजी, तुम्ही विचारलं असेलच."

"इचारलं की." चिमणाबाईनं पदर सावरला. उजवा हात पदराखालीच होता. "त्यानं सांगितलं बी. पर तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर गेला गाणी लावून. काय बी ऐकू आलं न्हाय."

"त्याच्या हाताला कुठं लागलं होतं का?"

"चंद्रीचा दात लागला. रगात आलतं. मी हळद दाबली."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावायला नेला आणि मोजा आठवून तसाच खाली घेतला. "तो माणूस सापडलाच पाहिजे. त्याला यातलं काहीच माहीत नाही. हकनाक जाईल बिचारा." मग जाता जाता त्यांनी मागं वळून विचारलं, "आणि तुम्ही, आजी? तुमचा हात लागला का कुठं?"

"मी दावं धरल्यालं," चिमणाबाई म्हणाली. "लांबनं."

दावं तिनं धरलंच नव्हतं. दावं मेढीच्या खांबाला बांधलेलं होतं. पावण्यानं बाही वर सारून सांगितलं होतं, "अक्का, जीभ धरा हिची. भायेर वडून घट्ट धरा," आणि चिमणाबाईनं चंद्रीची ती खरखरीत, लाळेनं माखलेली जीभ उजव्या मुठीत धरून ठेवली होती, पावण्याचा हात कोपरापर्यंत आत जाऊन बाहेर येईपर्यंत. तिचा अंगठा त्याच सकाळी उसाच्या पाल्यानं चिरलेला होता. लाळ लागल्यावर तो चरचरला होता, हे तिला चांगलं आठवत होतं.

ट्रॅक्टरही गेला नव्हता. पावण्यानं गाव अगदी स्पष्ट सांगितलं होतं. करवट्टी. कागलच्या खाली, राज्याच्या सीमेला टेकलेलं. तिच्या थोरल्या जावेचं माहेर त्याच्या अलीकडचं, त्यामुळं ऐकण्यात चूक व्हायचा प्रश्नच नव्हता.

खोटं बोलायची हौस होती म्हणून ती बोलली नव्हती. कोरोनाच्या साली अशीच माणसं दारात उभी राहून विचारत होती, कोण कोण जवळ होतं, कुणाचा कुणाला हात लागला. तिच्या नवऱ्यानं, आण्णांनी, सरळ माणूस तो, खरं ते सांगून टाकलं. तासाभरात गाडी आली. आण्णा आपल्या पायांनी गाडीत चढले, "येतो चार दिसात, म्हशीकडं बग," म्हणाले. एकदाच फोन लागला. "चिमणे, तोंड लई कोरडं पडलंय गं," एवढं बोलले आणि फोन तुटला. पुन्हा तिनं त्यांना बघितलं नाही. शेवटचं पाणीसुद्धा तिच्या हातून तोंडात पडलं नाही. तेव्हापासून चिमणाबाईनं पक्कं ठरवून टाकलं होतं, हात लागला म्हणून कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गाडी येते.

आणि आता तर आतल्या खोलीत नातू होता. विश्वजित आणि अनुजाच्या लग्नाला किती वर्षं झाली, किती देवांच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठं पाळणा हलला होता. अजून बारसंसुद्धा झालं नव्हतं. त्याला सोडून गाडीत बसायचं? पावणा सापडला तर तोंड उघडून पहिलं हेच सांगणार, की जीभ अक्कांनी धरली होती. म्हणून तो ट्रॅक्टर.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. चिमणाबाई दिवसभर मूठ झाकून हिंडली.

संध्याकाळी विश्वजित आणि उदयसिंह दंड चोळत परत आले. गाडी त्यांना घेऊन गेली नाही, हे तिनं दारातून बघितलं आणि तिचा जीव जरा खाली बसला. आता सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलंसुद्धा. पण विश्वजित आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी आला आणि तिथंच थबकला.

"अनुजा, इंजेक्शनं पुरी होईस्तवर मी लांबच ऱ्हातो," तो म्हणाला. "बाळाला उगंच नको."

"डॉक्टरांनी सांगितलं का तसं?" आतून अनुजानं विचारलं.

"सांगाय कशाला पायजे? कळतंय की आपल्याला."

त्यानं आपलं अंथरूण बाहेरच्या सोप्यात टाकलं. चिमणाबाई ते बघत राहिली. ही तर धडधाकट पोरं, कातडीला ओरखडा नाही, आणि तरी ही तऱ्हा. मग चिरलेल्या अंगठ्याच्या म्हातारीला कोण घरात ठेवेल? तोंडापर्यंत आलेलं तिनं परत गिळलं.

"आत्याबाई, जरा बाळाला घेता का? मी केस विंचरून येते."

अनुजानं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पुढं केलं. इवलंसं तोंड, मिटलेले डोळे, हनुवटीला दुधाचा थेंब. चिमणाबाईचे दोन्ही हात आपोआप उठले, आणि उजवा हात पदराबाहेर आला तसा तिनं तो झटक्यात मागं घेतला.

"नको गं. कंबर धरलीया माझी."

"काल तर बरी होती की?"

"म्हातारपनाला काल आनि आज असतंय व्हय?" ती खेकसली आणि बाहेर नळावर गेली. साबणाची वडी घेतली आणि हात कोपरापर्यंत घासघासून धुतला. मग पुन्हा धुतला. बाळाला सोडून जायला नको म्हणून खोटं बोलली, आणि आता बाळाला हात लावायचीच चोरी झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिला स्वतःचा इतका राग आला की तिनं वडी नळाखालच्या दगडावर आपटली.

दुसऱ्या दिवशी पावण्याचा शोध साऱ्या बावड्यानं हातात घेतला. विश्वजितनं मोबाईलवर मजकूर फिरवला: बिनगिअरची गाडी, अंगापिंडानं थोराड, आमच्या म्हशीच्या तोंडात हात घातलेल्या पावण्यांनी ताबडतोब संपर्क करावा. त्यावर हसणाऱ्यांचीच उत्तरं जास्त आली. कोपऱ्यावरच्या पतसंस्थेच्या कॅमेऱ्यात एक गाडी दिसली, पण नेमकी नंबरच्या जागी बैलगाडी आडवी. डॉक्टरांचा दोन वेळा फोन आला. पावणा सापडला का? नाही. आजींना काही आठवतंय का? नाही. प्रत्येक 'नाही'ला चिमणाबाई चुलीतलं लाकूड विनाकारण पुढं सारत होती.

तिला पावण्याचा चेहराही आठवत होता आणि हातही. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक भाजलेले डाग होते, फौंड्रीत ठिणग्या उडून पडतात तसे. "कडबाकुट्टीचं मशीन बगाय आलतो," म्हणाला होता. "माझ्या घरात बी म्हस हाय, अक्का. मुक्या जनावराचं हाल बगवत न्हाईत." चहा नको म्हणाला, नुसतं पाणी प्याला. भला माणूस. कुणाचा कोण, आणि माझ्या म्हशीसाठी हात घातला त्यानं. असं मनात आलं की ती उठून अंगणात जायची, आणि अंगणात गेली की गोठ्यातून चंद्रीचा तो घासलेला आवाज ऐकू यायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्री उठलीच नाही. मागचे पाय लुळे पडले होते. पूर्णिमा डॉक्टर आल्या, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुरायला खड्डा किती खोल हवा, चुना किती टाकायचा, हे त्या विश्वजितला सांगत होत्या. तेवढ्यात चंद्रीनं मान उचलली. घमेलं समोरच होतं. ती पाण्याकडं बघत राहिली, घसा नुसता हलला, आणि मान खाली पडली. मग ती हलली नाही.

"तहान लागलेली असते," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "पाणी समोर असतं आणि गिळता येत नाही. माणसाचंही शेवटी असंच होतं."

चिमणाबाई मेढीला धरून उभी होती. तोंड लई कोरडं पडलंय गं. किती वर्षं तिनं तो आवाज कानाआड केला होता, तो आता गोठ्यात अगदी शेजारून आला. कुठल्या तरी करवट्टीतल्या घरात एक बाई तांब्या घेऊन उभी आहे आणि नवऱ्याला पाणी गिळता येत नाही, हे तिला समोर दिसलं. त्या बाईला कुणी सांगणारसुद्धा नाही की का.

"इश्वा," ती म्हणाली. "करवट्टी."

"काय?"

"पावण्याचं गाव. करवट्टी. कागलच्या खाली."

विश्वजितच्या हातातलं फावडं खाली पडलं. "तुला ठावं हुतं?"

"हुतं."

"आनि दोन दिस गप बसलीस? मानूस मरतोय तिकडं, आनि तू ट्रॅक्टरची गानी सांगत बसलीस? डोकं फिरलं का काय तुझं, आई?"

"फिरलं हुतं. शिव्या वाटंत दे. गाडी काड आधी."

खड्ड्याचं उदयसिंहावर सोपवून दोघं निघाली. हमरस्त्याला उसाच्या गाड्यांची ही रांग. विश्वजित मोटारसायकल मिळेल त्या फटीतून काढत होता. कागलची एमआयडीसी मागं पडली, तेव्हा त्यानं मान न वळवता विचारलं, "पर का, आई? लपवायसारखं हुतं काय त्यात?"

तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. ह्या वेळी ट्रॅक्टर खरोखरच चालले होते.

करवट्टीत नाव नसलेला माणूस शोधायला फार वेळ लागला नाही. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला चिमणाबाईनं सांगितलं, "हातावर ठिणग्यांचं डाग हाईत, आनि घरात म्हस हाय." म्हातारा लगेच म्हणाला, "ख्वाजाभाई की. फौंड्रीत असतोय. मशिदीच्या मागं दुसरं घर."

दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. ती ख्वाजाची बायको, सलमा. विश्वजितनं विचारल्यावर ती उठली. "रातपाळी करून आलाय, झोपलाय. कालपासनं अंगात जरा कणकण बी हाय. काय काम हुतं?"

कणकण म्हटल्यावर चिमणाबाई उंबऱ्यावरच टेकली. आतून ख्वाजा बाहेर आला, डोळे चोळत. तिला बघून त्याचा चेहरा उजळला.

"अक्का! तुमी हिकडं कुठं? म्हस कशी हाय?"

"पानी प्या आधी," चिमणाबाई म्हणाली.

"ऑं?"

"माझ्यासमोर पानी प्या, पावणं. मग बोलूया."

ख्वाजानं बायकोकडं बघितलं, बायकोनं विश्वजितकडं. म्हातारीच्या तोंडाकडं बघून कुणी हसलं नाही. सलमानं तांब्या आणून दिला. ख्वाजानं मान मागं टाकली आणि वरून धार सोडली. चिमणाबाई त्याच्या गळ्याकडं एकटक बघत होती. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. अर्धा तांब्या त्यानं न थांबता संपवला आणि मिशा पुसल्या. ती भिंतीला पाठ लावून ढसाढसा रडायलाच लागली.

विश्वजितनं सगळं सांगितलं. म्हैस पिसाळलेली होती, मेली, इंजेक्शन आजच घ्यायला हवं. ख्वाजानं ऐकून घेतलं आणि हात पुढं केला. मनगटाच्या वर दाताची जखम होती, हळदीनं पिवळी पडलेली आणि वर खपली धरलेली.

"बरी झाली की ही. कणकण ती रातपाळीनं," तो म्हणाला. "ल्हानपनापासनं जनावरांत हाय मी. म्हशीच्या लाळंनं मानसं मरायला लागली तर गावंच्या गावं वस पडतील. आणि आता सुट्टी मागितली तर सुपरवायझर डोस्कं खाईल. बगू रविवारी."

"रविवार न्हाय चालत," विश्वजित म्हणाला. "मी सोता टोचून घेतलंय. आनि डॉक्टरांनी आनखी एक इचारलंय. तुमच्यासंगं दुसऱ्या कुनाचा हात लागलाय का म्हशीच्या तोंडाला?"

ख्वाजानं सहज चिमणाबाईकडं बघितलं. सांगायला तोंडही उघडलं. मग त्याची नजर पदराखालच्या मुठीवर गेली, तिथून तिच्या डोळ्यांवर, आणि तिथून विश्वजितवर. त्यानं खाली बघितलं.

"न्हाय," तो म्हणाला. "मी एकटाच हुतो."

झालं. ज्या एका साक्षीदाराला ती दोन दिवस भ्याली होती, त्यानं तिला मोकळी करून टाकली होती. थोरल्या बाईला तिच्या पोरासमोर खाली बघायला लावायचं नसतं, एवढी रीत त्यालाही ठाऊक होती. आता मूठ झाकलेलीच राहिली असती. आणि ख्वाजाचं इंजेक्शनही रविवारवर गेलं असतं.

चिमणाबाईनं पदर बाजूला केला.

"खोटं बोलताय पावणं," ती म्हणाली. "जीभ कुनी धरलेली?"

"अक्का, जाऊ दे की..."

"का जाऊ दे? ह्यो बग, इश्वा. ह्यो अंगठा. पाल्यानं चिरल्याला, त्याच हातानं जीभ धरलेली मी. लाळ आत गेली, चरचरलं बी." अंगठा सुजून तांबडा झाला होता. विश्वजितचा चेहरा एकदम उतरला. तिनं त्याच्याकडं बघायचं टाळलं आणि ख्वाजासमोर तो हात धरला. "तुमी माझ्या दारात माझ्या म्हशीसाठी हात घातलासा. तुमी सुई घेनार नसला तर मी बी घेनार न्हाय. रविवारपतूर बसूया दोघं. काय हुईल ते हुईल."

"आई!" विश्वजित ओरडला.

"तू गप. पावण्यासंगं बोलायलोय आमी."

ख्वाजा काही बोलायच्या आत सलमानं आतून त्याचा शर्ट आणला आणि त्याच्या अंगावर फेकला. "ऊठ. सुपरवायझरला मी फोन करते. त्याला म्हणावं, तू घाल हात पिसाळल्याल्या म्हशीच्या तोंडात. चल, ऊठ आधी!"

घराबाहेर ग्रामपंचायतीचा नळ होता, बारीक धारेचा. त्याखाली दोघांनी हात धरले. सलमा साबणाची वडी कधी ह्याच्या, कधी तिच्या हातावर घासत होती. हळद निघाली, खपली निघाली, पिवळं पाणी दगडावरून वाहत गेलं. विश्वजित मागं उभा राहून मोबाईलवर वेळ लावून बघत होता, आणि मध्येच त्यानं बाहीनं डोळे पुसले.

सरकारी दवाखान्यात दोघं एका बाकावर बसली. "आधी कोण?" नर्सनं विचारलं.

"अक्का," ख्वाजा म्हणाला.

"पावणं," चिमणाबाई म्हणाली.

"दोघं बी या," नर्स वैतागली. दंडात सुई झाली. जखमेच्या कडेनं औषध भरताना ख्वाजासारखा थोराड गडी "आयाई गं" म्हणून कळवळला. चिमणाबाईनं दात आवळून धरले. झाल्यावर ती पदर नीट करून उभी राहिली, आण्णा उभे राहिले होते तशी ताठ, आणि तरुण डॉक्टरला म्हणाली, "चला. कुठं ठेवनार मला?"

"कुठं म्हणजे?" डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. "घरी जावा की. पुढच्या तारखेला या, न चुकता."

"घरी?"

"मग काय, मुक्काम करणार इथं?"

"घरात नातू हाय. बारसं बी झालं न्हाय अजून." तिचा आवाज बारीक झाला. "मी लांब ऱ्हायाचं, का त्याला दुसरीकडं न्यायाचं?"

"कशासाठी? रेबीज असा मांडीवर घेऊन पसरत नाही, आजी. तुम्हाला काही झालेलंच नाही, आणि होऊ नये म्हणून तर टोचलंय. जखमेवर पट्टी ठेवा आणि घ्या की खुशाल नातवाला. कुणी सांगितलं तुम्हाला लांब राहायला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. चिमणाबाई पुन्हा बाकावर बसली. एक शब्द विचारला असता तर हेच उत्तर मिळालं असतं, आणि त्या एका शब्दापायी शेजारचा हा माणूस तिनं मरणाच्या दारात ठेवला होता. ती ख्वाजाकडं वळली.

"तुमी का खोटं बोललासा तिथं? मी मेले असते की."

ख्वाजा दंड धरून बसला होता. "मला वाटलं, अक्का, तुमी सुई घेऊन बसलाय, पर घरात सांगाय लाजताय. मला काय ठावं!" तो म्हणाला. मग जरा थांबून, "नाव तर सांगा आता तुमचं. अक्का, अक्का किती करू?"

"चिमणाबाई," ती म्हणाली.

दिवेलागणीला मायलेक घरी पोहोचली. गोठ्याशी मेढ मोकळी होती, आणि पलीकडं चुन्यानं पांढरी झालेली माती. चिमणाबाई तिथं थोडा वेळ उभी राहिली. मग पट्टी जपून दोन्ही हात धुतले, पाय धुतले आणि आत गेली. अनुजा बाळाला थोपटत होती.

"आत्याबाई, कंबर कशी आहे?"

"कंबरंला काय धाड भरलीया! आन हिकडं त्याला."

पण तिच्या मागून आलेल्या विश्वजितनं आधीच हात पुढं केले होते.

"हो बाजूला," चिमणाबाई म्हणाली. "मी थोरली हाय."